चित्रगुप्त

सकाळी सव्वासहाला मी दुधाच्या पिशव्या आणायला खाली उतरतो, तेव्हा आमच्या पार्किंगमध्ये एक गृहस्थ रंगाच्या रिकाम्या डब्यावर बसून वॉचमनच्या खुर्चीकडे टक लावून बघत असतात. खुर्चीत कोणी नसतं. वॉचमन शेजारी ताटकळत उभा असतो, कारण तो बसला की खुर्ची दिसत नाही. वीस मिनिटं हा प्रकार चालतो. मग गृहस्थ वहीवर सही ठोकतात, घड्याळ बघून वेळ टिपतात आणि वॉचमनला म्हणतात, "बसा आता."

सोसायटीतली पोरं त्यांना चित्रगुप्त म्हणतात. नाव कुणी पाडलं ठाऊक नाही, पण ते असं चपखल बसलंय की खरं नाव आता फक्त लेटरबॉक्सवर उरलंय. चित्रं हा त्यांचा आजचा उद्योग आणि वहीखातं ही बँकेतल्या पस्तीस वर्षांची सवय. त्यातली शेवटची काही वर्षं तर इन्स्पेक्शनला गेली, म्हणजे दुसऱ्यांचं पापपुण्य तपासण्यात. गुप्त मात्र त्यांच्यात काही नाही. काढलेलं चित्र पोह्यांच्या आधी तीन मजले फिरून येतं.

सुरुवात अगदी साधी झाली. रिटायर होताना शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. घरात घड्याळं आधीच तीन होती. त्या मे महिन्यात आलेली नात जाताना अर्धं कोरं स्केचबुक विसरून गेली. कोरा कागद वाया गेलेला या माणसाला बघवत नाही. त्यांनी पहिल्या कोऱ्या पानावर पट्टीने रकाने आखले: अनुक्रमांक, दिनांक, विषय, माध्यम, लागलेला वेळ, शेरा. चित्राचा अजून पत्ता नव्हता, पण खातं उघडलं होतं. आणि खातं उघडलं म्हणजे त्यात रोज काहीतरी जमा पडायलाच हवं.

चित्रकलेशी पूर्वी काहीच संबंध नव्हता असं नाही. शाळेत ते एलिमेंटरीला बसले होते. 'सी' ग्रेड. वस्तुचित्रात तांब्या बरा आला, भूमिती आणि अक्षरलेखन तर त्यांच्या हातचा मळ. घात केला स्मरणचित्राने. विषय बाजाराचा होता. आता या परीक्षेला बसलेल्या महाराष्ट्रातल्या कुठल्याही पोराला विचारा, चेहरा येत नसला की माणूस पाठमोरा उभा करायचा हे आमचं सर्वमान्य शास्त्र आहे. डोक्यावर हंडा घेतलेली बाई त्यामुळेच पिढ्यान्‌पिढ्या आमच्याकडे पाठ करून चालली आहे. चित्रगुप्तांच्या बाजारात अकरा माणसं होती आणि अकराही पाठमोरी.

"विकणारासुद्धा?" मी विचारलं.

"तोसुद्धा. गिऱ्हाइकावर रुसल्यासारखा."

इंटरमिजिएटचा फॉर्म त्यांनी भरलाच नाही. तो राहिलेला फॉर्म हे आता पार्किंगमध्ये बसून भरताहेत, असं वहिनींचं म्हणणं.

चित्रं कशी असतात, असं मला कोणी विचारलं तर मी विषय बदलतो. पहिल्या वर्षी ती वाईट होती. दुसऱ्या वर्षापासून ती नियमितपणे वाईट होऊ लागली. वॉचमनची ती खुर्ची घ्या. साधी लाल प्लॅस्टिकची खुर्ची, पण यांच्या प्रत्येक चित्रात ती डावीकडे कललेली. इतक्या वेळा काढूनही माणसाला उभी रेघ उभी काढता येऊ नये याचं आम्हाला नवल वाटायचं. वरच्या मजल्यावरच्या एका इंजिनिअरने त्यांना ओळंबा भेट द्यायचं ठरवलं होतं.

पाताळेश्वराला गेले होते तेव्हाचं तर विचारूच नका. तिथला नंदीमंडप गोल आहे, आणि गोल वस्तू बाजूने बघितली की तिचं लंबवर्तुळ होतं. खांब त्या लंबवर्तुळावर उभे राहायला हवेत. चित्रगुप्तांचे खांब एसटीत चढलेल्या माणसांसारखे, ज्याला जिथे जागा मिळाली तिथे. वर झाकण. वहिनींनी ओट्यापाशी उभ्या उभ्याच बघितलं आणि म्हणाल्या, "अय्या, इडलीपात्र!" त्या दिवशीचा शेरा मी स्वतः वाचला आहे: 'लंबवर्तुळ सदोष. पुनश्च सादर करावे.' पुढच्या रविवारी त्यांनी खरोखर पुन्हा सादर केलं. त्याच्या पुढच्याही.

मी बाकावर पेपर वाचत बसलो असताना माझंही चित्र झालं आहे. शेरा: 'नाकास जादा जागा दिली गेली. यापुढे मंजुरीशिवाय देऊ नये.'

हा माणूस दुसऱ्याला जितका कडक, तितकाच स्वतःला. यंदाच्या जुलैत ते पाच दिवस तापाने फणफणले होते. सहाव्या दिवशी अंगात जीव नसताना उठले ते मऊभात खायला नाही, पाच दिवसांची थकबाकी भरायला. खालीसुद्धा उतरले नाहीत, कॉटवर बसूनच मागच्या तारखा टाकून पाच चित्रं काढली.

"अहो, बँकेत कोणी असं मागच्या तारखेने केलं असतं तर?" वहिनींनी विचारलं.

"सस्पेंड केला असता," चित्रगुप्त म्हणाले, आणि पाचही नोंदींपुढे लाल शाईने लिहिलं: 'मागाहून काढले. स्मरणाने.'

काशीयात्रेच्या वेळी उलट झालं. गाडीत आणि देवळांत वेळ मिळेल न मिळेल, म्हणून निघण्यापूर्वीच नऊ दिवसांची नऊ चित्रं आगाऊ भरून टाकली. त्यात दशाश्वमेध घाटसुद्धा होता. घाट त्यांनी तोवर बघितलेला नव्हता. परत आल्यावर त्या पानावर दुरुस्ती पडली: 'प्रत्यक्ष पाहणीत नदी दुसऱ्या बाजूस आढळली.'

इथे माझंही थोडं सांगायला हवं, कारण आमच्या इमारतीत चित्रकलेची खरी जाण मला आहे. माझ्याकडे तीनशे जीएसएमचा, निव्वळ कापसाचा कागद आहे. पाण्याचा कितीही हात मारा, फुगत नाही, असं म्हणतात. मी अजून मारलेला नाही. वरचं प्लॅस्टिकही काढलेलं नाही, कारण अशा कागदावर भलतंसलतं काढून चालत नाही. चित्रगुप्त झेरॉक्सच्या कागदावर जलरंग लावतात. तो ओला झाला की उन्हात घातलेल्या पापडासारखा चारी बाजूंनी उचलतो, मग ते त्यावर रात्रभर वरवंटा ठेवतात. मी त्यांना एकदा दर्जाबद्दल चार शब्द सुनावले. वासुदेव गायतोंड्यांचं उदाहरण दिलं. एवढा मोठा चित्रकार, पण वर्षाला पाच-सहाच चित्रं करायचा. बाकीचा काळ नुसता विचार. मीही सध्या विचारच करतो आहे.

चित्रगुप्तांनी शांतपणे ऐकून घेतलं. "वर्षाला पाच-सहा म्हणजे जमा आहे," ते म्हणाले. "तुमचं खातं अजून उघडायचंय."

एकदा मी त्यांना मुद्दाम शिवाजीनगरला हातकागदाच्या संस्थेत घेऊन गेलो. १९४० सालापासून तिथे हाताने कागद होतो; चिंध्यांचा लगदा चाळणीसारख्या साच्यावर घेतात, त्यामुळे कागदाची कड सुबक फाटल्यासारखी येते. जाणकार त्या कडेवर जीव टाकतात. चित्रगुप्तांनी दोन ताव घेतले, घरी आणले आणि स्टीलची पट्टी लावून चारही कडा कापून टाकल्या. "माल चांगला आहे," म्हणाले, "फिनिशिंग राहिलं होतं."

रविवारी ते बाहेर जातात. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजासमोर बसले की आधी दारावरचे खिळे मोजतात, मग काढायला घेतात. एखादा राहिला तर खातं जुळणार नाही ना! तिथे त्यांनी पहिल्यांदा जेल पेनने काढून वरून पाण्याचा हात मारला. शाई पाण्यात विरघळणारी निघाली आणि वाडा जांभळा होऊन मुठेच्या दिशेने वाहत गेला. तेव्हापासून प्रत्येक नवं पेन आधी वहीच्या शेवटच्या पानावर ओल्या बोटाने तपासलं जातं. पास झालेल्या पेनांची यादीही आहे.

पण बाहेरचा खरा किस्सा तुळशीबागेजवळचा. पांढरा शर्ट, गळ्यात दोरीचा चष्मा, हातात पुठ्ठ्याची वही. असा माणूस फुटपाथच्या कडेला उभा राहून दुकानांकडे बघतो, लिहितो, पुन्हा बघतो. एका क्लिपवाल्याने त्यांना बघितलं. त्याने शेजारच्या ओढणीवालीला खूण केली. "अतिक्रमणवाले!" एवढा एक शब्द फुटपाथभर पळत गेला, आणि चादरीची चार टोकं धरून एकेक संसार गुंडाळला जाऊ लागला. चित्रगुप्तांची पेन्सिल पहिल्या छत्रीवर असतानाच समोर फक्त फुटपाथ उरला. ते भांबावून "अहो, बसा, बसा, तुम्हालाच काढतोय!" असं म्हणाले. काढतोय म्हटल्यावर तर राहिलेलेही पळाले. त्या दिवशीच्या पानावर एक छत्री आणि पुष्कळ फरशा आहेत. शेरा: 'विषय फरार.'

इथवर सगळं वहीत होतं. घरात शिरलं ते मिश्र माध्यमापासून. कुठल्याशा दोन दिवसांच्या शिबिरात त्यांना कळलं की पिकासोने १९१२ साली वेताची खुर्ची चित्रात आणताना वेत रंगवलाच नाही. विणलेल्या वेताची नक्षी छापलेलं मेणकापड मिळायचं, त्याचा तुकडा सरळ चित्रावर चिकटवला आणि लंबगोल चित्राच्या कडेने खरी दोरी फिरवली. तेच चित्र आज पॅरिसच्या पिकासो संग्रहालयात आहे. एवढ्या गोष्टीतले चित्रगुप्तांनी दोनच शब्द उचलले, खुर्ची आणि मेणकापड. दोन्ही आपल्याकडे आहे!

जेवणाच्या टेबलावरच्या मेणकापडाचा तळहाताएवढा चौकोन त्या दुपारी नाहीसा झाला. तो लोणच्याच्या बरणीखालचा होता, म्हणून चार दिवस कळलं नाही. आता बरणी तिथून हलत नाही. त्यांच्याकडे पंगतीला बसलेल्याला लोणचं हवं असेल तर त्याने उठून बरणीपाशी जायचं.

पुढचे सहा महिने त्या घरात कुठलीही वस्तू सुरक्षित नव्हती. गोळ्यांची रिकामी पाकिटं हे पाणी झालं. चहाचा चोथा ही जमीन. हळदीचं ऊन पडलं आणि खिडकीतल्या खऱ्या उन्हाने ते पंधरा दिवसांत उडालंही, कारण हळदीचा रंग उजेडात टिकत नाही. कॅनव्हासवर लावायचं अस्तर, ज्याला जेसो म्हणतात, ते विकत घ्यायला महाग वाटलं म्हणून फेविकॉलमध्ये पांढरी रांगोळी कालवली. वाळल्यावर त्याचा पॉलिश पेपर झाला. त्यावर एक झाड काढताना दोन पेन्सिली संपल्या आणि वहिनींनी विळीला धार लावून घेतली. तेलखडूवर जलरंग बसत नाहीत, हे त्यांना आठ वेळा करून कळलं. नवव्यांदा त्यांनी तेच मुद्दाम केलं. खडूच्या रेघांवरून पाणी मोत्यांसारखं ओघळून गेलं आणि काळ्या रस्त्यावर पाऊस पडला. ते चित्र चांगलं आहे. हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

पावसाळ्यात, फेविकॉल महाग पडतो म्हणून, त्यांनी घरी मैद्याची खळ शिजवली. पर्वतीचं चित्र त्या खळीने चिकटवलेल्या वर्तमानपत्राच्या तुकड्यांचं होतं. सकाळी उठून बघतात तर झुरळांनी पायथ्यापासून अर्ध्या पायऱ्यांपर्यंत पर्वती खाल्लेली. "निदान कुणी तरी मन लावून बघितलं," वहिनी म्हणाल्या. खळीत मोरचूद घालायची जुनी पद्धत होती, ती त्यांना मी सांगितली. वहिनींनी दोघांनाही दारातून आत घेतलं नाही.

मग लग्नपत्रिकांचं. पत्रिकेवर गणपती असतो, त्यामुळे ती फेकवत नाही, आणि प्रत्येक मराठी घराच्या कुठल्या ना कुठल्या खणात असे पन्नास-साठ गणपती अडकून पडलेले असतात. चित्रगुप्तांना वाटलं, यांची सोय लावावी. पण गणपती चिकटवायचा तर तो चित्राच्या खालच्या अंगाला नको, त्याच्यावरून पावलं जायला नकोत, त्याच्या वर कोणी उभं राहिलेलं नको. शेवटी सगळे गणपती आकाशात गेले. त्या काळातल्या त्यांच्या प्रत्येक देखाव्यावर सतरा-अठरा गणपतींचं आभाळ भरून आलेलं आहे.

यापुढची गोष्ट लाँड्रीच्या पावतीची. फिकट गुलाबी कागद, त्यावर निळ्या कार्बनचं अक्षर. बघता क्षणी त्यांना ती संध्याकाळचा ढग वाटली. वहिनींनी पुतणीच्या लग्नासाठी पॉलिशला टाकलेल्या शालूची ती पावती होती. घरभर शोधाशोध झाली, मोलकरणीवर संशय घेऊन झाला, आणि मग वहिनींची नजर भिंतीवर गेली. ढगावर स्पष्ट दिसत होतं: 'शालू १, डाग पदराजवळ.' फेविकॉल वाळल्यावर सुटत नाही. तेव्हा त्या माउलीने दीड बाय दोन फुटांचं ते पूर्ण चित्र काखोटीला मारलं आणि रिक्षाने लाँड्री गाठली. लाँड्रीवाल्याने चष्मा वर करून ढगावरचा नंबर वाचला, शालू काढून दिला, आणि नियमाप्रमाणे पावती जमा करून घेण्यासाठी कात्री उचलली. वहिनींनी त्याचा हात धरला. का धरला ते त्यांनाही सांगता येत नाही. लाँड्रीवाल्याने मग त्याच ढगावर 'माल मिळाला' असा शिक्का मारला, वहिनींनी खाली सही केली. चित्रगुप्तांच्या आजवरच्या कामात दोघांच्या सह्या असलेलं हे एकमेव चित्र.

सप्टेंबरात सोसायटीची वार्षिक सभा झाली. चहा आणि सामोसे आटोपल्यावर ऐनवेळच्या विषयांत वॉचमनची खुर्ची निघाली. सेक्रेटरींचं म्हणणं असं की खुर्ची गेल्या दिवाळीला नवी घेतली होती, वर्ष व्हायच्या आत पाय मोडला, म्हणजे वॉचमनने ती हलगर्जीपणे वापरली. नव्या खुर्चीचे पैसे त्याच्या पगारातून कापावेत. वॉचमन दाराशी उभा होता. माना डोलायला लागल्या होत्या.

चित्रगुप्त उठले, घरी गेले आणि वह्यांचा गठ्ठा घेऊन आले. चष्मा पुसला. हा माणूस इन्स्पेक्शनला कसा दिसत असेल ते आम्हाला त्या दिवशी कळलं.

"दोन फेब्रुवारी," त्यांनी पान उघडलं. "मागच्या डाव्या पायावर केसाएवढी रेघ. पेन्सिल सरकली असं समजून मी ती खोडली. इथे खोडल्याची खूण आहे. तीन फेब्रुवारीला खुर्चीवर बघितलं तर रेघ होतीच. वीस मार्च, रेघ वाढली. आठ एप्रिल, सुतळी बांधली. एकोणीस मे, सुतळी दुहेरी आणि खाली वीट." वही हातोहात फिरू लागली. सामोशाची बोटं पायजम्याला पुसून माणसं पानं उलटत होती. तेवढ्यात ओळंबावाल्या इंजिनिअरने वही डोळ्यांजवळ नेली.

"खुर्ची डावीकडे का कललीय?"

"कारण ती कलते. खालची फरशी एका अंगाने खचलीय. सगळा भार त्या पायावर येतो."

"पण तुम्ही तर पहिल्या दिवसापासून कललेली काढताय!"

"फरशी पहिल्या दिवसापासून खचलीय."

दोघं जण टॉर्च घेऊन खाली गेले आणि मान हलवत वर आले. सेक्रेटरी मात्र हार मानणारे नव्हते. त्यांनी वही चाळता चाळता एक पान पकडलं. "हे बघा! बारा जुलै. चारही पाय शाबूत, वीट नाही, सुतळी नाही, खुर्ची सरळ! मग आता?"

चित्रगुप्तांनी शेऱ्याच्या रकान्यावर बोट ठेवलं. लाल शाई. 'मागाहून काढले. स्मरणाने.'

"म्हणजे हे चित्र खोटं?"

"स्मरणचित्रात मला सी ग्रेड आहे," चित्रगुप्त म्हणाले.

नवी खुर्ची सोसायटीच्या खर्चाने घेण्याचा आणि फरशी बसवून घेण्याचा ठराव झाला. सूचक चित्रगुप्त, अनुमोदक मी. घरी आल्यावर मी माझ्या कागदाचं प्लॅस्टिक काढलं. वास छान येतो.

चार दिवसांनी दूध आणायला उतरलो तर पार्किंगमध्ये नवी खुर्ची आली होती. निळी, हातांची, नव्या फरशीवर ताठ उभी. जुनी लाल खुर्ची भंगारवाल्यासाठी भिंतीशी काढून ठेवलेली, सुतळीसकट, विटेसकट. शेजारी रंगाचा रिकामा डबा. आणि नव्या खुर्चीत पाठ टेकून चित्रगुप्त जुन्या खुर्चीचं चित्र काढत बसले होते. वॉचमन बाजूला उभा.

"साहेब, नव्या खुर्चीचं नाही काढायचं?" त्याने विचारलं.

"तिला अजून काही झालेलं नाही," ते मान वर न करता म्हणाले.

वॉचमनने माझ्याकडे बघितलं. मी डोळ्यांनीच डब्याकडे खूण केली. तो हळूच गेला आणि डब्यावर टेकला.

"उठा, उठा," चित्रगुप्त म्हणाले. "आज डबा चित्रात आहे."